नुसतं बसायचंय

चिपळूणमध्ये "आम्ही लॉजवर उतरणार आहोत" असं मोठ्याने सांगायची सोय नाही. लॉज म्हटलं की आमच्याकडे एस.टी. स्टँडसमोरची, जिन्याखाली स्कूटर उभी असलेली आणि 'राहण्याची उत्तम सोय' या पाटीतला 'उत्तम' पावसाने धुऊन गेलेली इमारत डोळ्यांपुढे येते. त्यामुळे जैसलमेरपासून चाळीस किलोमीटरवर, समच्या वाळूत, एका 'डेझर्ट लॉज'वर आम्ही दोन रात्री काढणार हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गो?"

ठीकच होतं. फक्त ओलं होतं. चिपळुणात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये कपाटातला चामडी पट्टा हिरवा होतो, मीठ बरणीतून चमच्याने नव्हे तर ओघळून येतं. २०२१च्या जुलैत वाशिष्ठी नदी आमच्या तळमजल्यावर येऊन गेली, तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिज दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर आडवा झोपलेला सापडला. तेव्हापासून बायकोचं एकच म्हणणं होतं : "जिथे पाणी नाही अशा जागी जायचं आणि नुसतं बसायचं."

मी हिशेब काढला. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस सरासरी दोनशे मिलिमीटरच्याही आत. २६ जुलै २००५ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेवढा जैसलमेरला पाच वर्षं पुरावा. हे ऐकून बायको म्हणाली, "मग ठरलं."

ठरलं खरं, पण बरोबर तिचे भाऊ-वहिनीही येणार असं ठरलं. आमचे हे मेव्हणे 'पैसे वसूल' पंथाचे निष्ठावंत आहेत. बुफेमध्ये ते आधी रिकाम्या हाताने एक प्रदक्षिणा घालतात, मग व्यूहरचना करून ताट उचलतात. लग्नाच्या अल्बमलाही 'पानं किती?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. अशा माणसाबरोबर नुसतं बसायला जाणं म्हणजे मारवाड्याच्या दुकानात जाऊन नुसतं उभं राहण्यासारखं आहे. जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढे पावणेतीनशे-एक किलोमीटर मोटार. वाटेत पोखरण लागलं. भारताने १९७४ आणि १९९८मध्ये जिथे अणुस्फोट केले, त्या पोखरणात भाऊंनी लागोपाठ तीन मिरचीवडे खाल्ले. तिसऱ्या स्फोटाचे पडसाद पुढे जैसलमेरपर्यंत उमटत होते.

लॉजच्या दारात नगारा वाजला, कपाळाला टिळा लागला, गळ्यात झेंडूची माळ पडली. "खम्मा घणी, हुकम!" व्यवस्थापक म्हणाला. मला आजवर घरात, ऑफिसात किंवा सोसायटीत कोणी 'हुकम' म्हटलेलं नाही. मी एकदम ताठ झालो. मागून वहिनी कुजबुजल्या, "वन्सं, भावोजींकडे बघा. पोट आत घेतलं."

तंबू म्हणजे नावाला तंबू. आत डबलबेड, आरसा, गीझर, कमोड. फक्त भिंती कापडाच्या, त्यामुळे शेजारच्या तंबूतलं घोरणं सवलतीत मिळतं. बायकोने खुर्ची बाहेर ओढली, वाळूकडे तोंड करून ठेवली आणि टेकणार, तेवढ्यात व्यवस्थापक हातात छापील कागद घेऊन आला. चार वाजता उंट. साडेपाचला सूर्यास्त. सहाला जीप. सातला चहा-भजी. साडेसातला सांस्कृतिक कार्यक्रम. नऊला जेवण. दहाला शेकोटी आणि डीजे. पहाटे सहाला सूर्योदय, पुन्हा उंट.

"आणि बसायचं कधी?" बायकोने विचारलं.

व्यवस्थापकाने कागद परत घेऊन नीट पाहिला. तिथे तसा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नसावा. "हुकम, उंटावर बसायचंच आहे," तो म्हणाला.

मराठी भाषेने उंटावर फार अन्याय केला आहे. आपल्याकडे उंट नाही, पण उंटावरचा शहाणा आहे. शेळ्या हाकायच्या तर त्याही आपण उंटावरून हाकतो. माझा असा समज होता की उंटावर बसलं की माणसाला आपोआप सल्ले सुचत असतील. प्रत्यक्षात तिथे फक्त देव सुचतो. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. त्यामुळे माणूस पुढे, थेट उंटाच्या कानात गुपित सांगायला गेल्यासारखा कलंडतो. तो सावरतो न सावरतो तोच पुढचे पाय उठतात आणि माणूस मागे, आकाशातल्या बापाला भेटायला निघाल्यासारखा. या दोन धक्क्यांत ज्याचा शहाणपणा शिल्लक राहतो त्याला खुशाल शहाणा म्हणावं. आणि शेळ्यांचं म्हणाल तर वरून त्या खरोखर दिसतात, अगदी लांबच्या टेकाडाआडच्याही दिसतात. आपण काही करू मात्र शकत नाही. म्हणजे म्हण रचणारा एकदा तरी उंटावर बसला असणार.

माझ्या उंटाचं नाव रॉकेट. त्याच्या चालीचा नावाशी संबंध नव्हता. त्याची दोरी धरून चालणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, पायांत प्लास्टिकच्या चपला, कानात इयरफोन. "कुबडात पाणी असतं ना रे?" मी उंटावरून विचारलं. "नाही साब, चरबी असते," तो खालून म्हणाला. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पितो, हेही त्याने सांगितलं. मागच्या उंटावरून भाऊंचा आवाज आला, "बुफे असेल तेव्हा."

पोराच्या आजोबांकडे वीस उंट होते, वडिलांकडे सहा, आता हा एक. हे त्याच्या घरापुरतं नाही. १९९२मध्ये देशात दहा लाखांवर उंट होते; २०१९च्या पशुगणनेत ते अडीच लाखांवर आले. शेत ट्रॅक्टरने नांगरायला घेतलं, ओझं जीपने उचललं. राजस्थानने २०१४मध्ये उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला, म्हणजे आपल्याकडे निवृत्त झालेल्या मास्तरांना शाल-श्रीफळ देतात तसं काहीसं. ज्या जीपने रॉकेटची नोकरी घालवली, तीच आता रोज सहा वाजता त्याच्या शेजारी उभी राहून त्याची गिऱ्हाइकं पळवते.

सूर्यास्त पाहायला आम्ही टेकडीवर पोहोचलो तेव्हा तिथे इतकी माणसं होती की सूर्यालाच संकोच वाटावा. सगळ्यांना एकच फोटो हवा होता : चिमटीत धरलेला सूर्य. बायकोने दोन मिनिटं वाळूत बसून घेतलं. तेवढ्यात एकजण कुरकुरे घेऊन आला, एकजण चहाची किटली, एकजण डोक्याला साफा बांधून द्यायला, आणि दोन चिमुरडे खडताल वाजवत समोर येऊन उभे राहिले. सूर्य मावळल्याचं आम्हांला टाळ्यांवरून कळलं. जीपबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांनी पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरून प्रवास केला आहे, त्यांना वाळूच्या टेकड्यांवरून जीप उडवण्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही.

सांस्कृतिक कार्यक्रमासाठी आम्ही गाद्या-लोडांवर बसलो. समोर मांगणियार मंडळी. ही माणसं मुसलमान, यांचे पिढीजात जजमान बहुतेक राजपूत. जजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न ठरलं की गायला हीच यायची, आणि गाण्यात कृष्णही असायचा. मधल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर कमायचा होता. आंब्याच्या लाकडाचा गोल भोपळा, त्यावर कातडं, तातेच्या तारा आणि गज. हमीरा गावच्या साकर खाँ यांना याच वाद्यासाठी २०१२मध्ये पद्मश्री मिळाली होती. म्हाताऱ्याने गज ओढला आणि असा खर्ज आला की भाऊंनी तोंडाकडे नेलेलं भजं परत बशीत ठेवलं. भाऊंच्या बाबतीत याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही. पाठोपाठ कालबेलिया बायका घेरदार काळ्या घागऱ्यात भोवऱ्यासारख्या फिरल्या. मूळ साप धरणाऱ्या, खेळवणाऱ्या लोकांचा हा नाच. वन्यजीव कायद्यामुळे साप हातातून गेले, लय अंगात राहिली, आणि २०१०मध्ये युनेस्कोनेही त्याची नोंद घेतली.

हे सगळं चाळीस मिनिटं. मग निवेदकाने "महाराष्ट्र से कौन आया है?" असं विचारलं. आमचे पाच हात वर गेले (भाऊंनी दोन्ही केले होते). त्याबरोबर डीजेने एक गाणं लावलं. जे गाणं आमच्या आळीत गणपती विसर्जनाला सहा तास वाजतं आणि ज्याच्यापासून पळत मी दर वर्षी मामेभावाकडे गुहागरला जातो, तेच. पाकिस्तानची सरहद्द तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. रागदारी तिकडे पोहोचली असेल की नाही माहीत नाही, हे नक्की पोहोचलं असेल.

अकराला आमचा डीजे बंद झाला. मग शेजारच्या लॉजचा ऐकू यायला लागला. वाळवंटाचा हा एक गुण मान्य करायला हवा : आवाजाला अडायला मध्ये काही नाही.

जेवणाचं मात्र नाव काढावं. कैर-सांगरी हा तिथला आमरस. कैर हे काटेरी झुडपाचं बोराएवढं फळ, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दोन्ही वाळवून ठेवायचं, लागेल तेव्हा भिजवून तेलात, आमचूर-मिरचीत परतायचं. मुळात हे दुष्काळातलं अन्न. पीक बुडालं, गुरं गेली, तरी खेजडी उभी असायची. आता जयपूर-दिल्लीच्या हॉटेलांत सांगरीचा भाव बदामाच्या पंगतीत बसलाय. वहिनींनी आचाऱ्याला गाठून कृती विचारली. तो म्हणाला, आधी दोनदा पाणी बदलून धुवायचं. मग थबकून म्हणाला, "पण ते पाणी टाकायचं नाही, बकरीला द्यायचं." वहिनींनी वहीत तेही उतरवून घेतलं. चिपळुणात बकरी कुठून आणणार, हा प्रश्न घरी गेल्यावर.

दुसरा दिवस भाऊंचा. त्यांनी आठ स्थळांची यादी काढली होती. तनोट मातेचं देऊळ, १९६५च्या युद्धात जिथे पडलेले बाँब फुटले नाहीत, ते आणि त्याच वाटेवरचं लोंगेवाला, १९७१च्या रणगाड्यांसकट, लांब पडतं म्हणून ड्रायव्हरने कापलं. तेव्हापासून भाऊ त्याच्याशी बोलत नव्हते.

जैसलमेरचा किल्ला ११५६चा, रावल जैसलने बांधलेला. आजही त्यात हजारो माणसं राहतात, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट. सत्यजित राय यांनी १९७४मध्ये या किल्ल्यावर 'सोनार केल्ला' काढला, तेव्हापासून बंगाली माणूस इथे पंढरीला यावं तसा येतो. डिसेंबरात माकडटोप्यांच्या पालख्याच निघालेल्या दिसतात. पण मला त्या किल्ल्यात निराळीच गोष्ट सापडली. शत्रूंनी वेढे दिले, तोफा आल्या, किल्ला उभा राहिला. त्याला पोखरलं ते न्हाणीघरांनी. घागरीने पाणी वर नेणाऱ्या माणसांसाठी बांधलेला हा किल्ला. नळ आले, पाहुण्यांच्या खोल्या आल्या, प्रत्येक खोलीला शॉवर आला. सांडपाणी खालच्या मातीत मुरलं आणि काही बुरूज ढासळले. दीड हजार किलोमीटर पाण्यापासून पळून आलेल्या माणसाला गाइडने हे ऐकवलं. त्या रात्री मी आंघोळ केली नाही. बायको म्हणाली, थंडीला निमित्त मिळालं.

कुलधरा गावाबद्दल ड्रायव्हरने आवाज खाली आणून सांगितलं. दिवाण सालिमसिंगाची एका पालीवाल ब्राह्मणाच्या मुलीवर नजर गेली, म्हणून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली आणि जाताना शाप देऊन गेली. अभ्यासक पाणी आटणं, जाचक कर, भूकंप अशी कारणं सांगतात, पण करांना घाबरून गाव सोडलं असं सांगितलं तर तिकीट कोण काढेल? छपरं नसलेल्या घरांच्या रांगा बघत फिरताना भाऊ म्हणाले, "रस्ते सरळ आहेत, अतिक्रमण नाही. शाप नगरपालिकेला लागू झालेला दिसत नाही."

मला त्या पालीवालांचं भूत दिसलं नाही, खडीन दिसलं. उताराच्या पायथ्याशी लांबलचक मातीचा बांध घालायचा. आजूबाजूच्या खडकाळ माळावर पडलेला तुटपुंजा पाऊस वाहत येऊन त्याला अडतो, मुरतो. पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पुढे पाऊस नाही आला तरी पीक हाती येतं. दोनशे मिलिमीटरच्या आतल्या पावसात गहू! आमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटर पडून मे महिन्यात टँकर येतो. मी हे बोलून दाखवताच बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी खडीनचा फोटो काढण्यात गुंग झालो.

आकल इथे अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं आहेत. म्हणजे दगड आहेत, पण एके काळी ती झाडं होती. सगळ्यात मोठा बुंधा १३ मीटरचा, आणि प्रत्येकावर लोखंडी पिंजरा व पत्र्याचं छप्पर. वहिनींनी वाकून पाहिलं. "एवढी मोठी झाडं म्हणजे तेव्हा इथे पाऊस असणार," त्या म्हणाल्या. बायको लगेच गाडीत जाऊन बसली.

राहिला गोडावण, आपला माळढोक. आमच्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. तिथे मी दोनदा जाऊन पाटी पाहून आलो आहे. इथल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात तरी भेटेल असं वाटलं होतं. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी. जगात दीडशेच्या आसपास उरलेत. त्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकतो. एवढा मोठा देह आणि समोरचं दिसत नाही, हे ऐकून वहिनींनी भाऊंकडे पाहिलं नाही, पण न पाहण्याची पद्धत अशी होती की आम्हांला कळलं. दोन तास दुर्बीण लावून आम्ही गोडावण पाहिला : पेट्रोल पंपाच्या भिंतीवर, सरकारी फलकावर आणि एका ट्रकच्या मागे. तिन्ही ठिकाणी तब्येत चांगली होती.

परतताना वहिनींनी हाबूर दगडाची वाटी घेतली. हाबूर गावच्या खाणीतला हा दगड, सागरी जिवांच्या अवशेषांनी नक्षीदार. त्यात दूध ठेवलं की विरजणाशिवाय दही लागतं असं तिथले लोक सांगतात. चिपळुणातून स्टीलच्या डबीत विरजण घेऊन निघालेल्या बाईला हे ऐकून काय झालं असेल ते ज्याला आई आहे त्याला कळेल. रात्री लॉजवरून दूध आणून वाटीत ओतलं, वाटी शालीत गुंडाळली, शाल भाऊंच्या उशाशी. बाहेर पारा सहावर. सकाळी दूध जसंच्या तसं होतं, भाऊंना सर्दी लागली होती. "थंडीमुळे," वहिनी म्हणाल्या. "घरी मे महिन्यात लावून बघू." मे महिन्यात आमच्याकडे दूध फ्रिजबाहेर विसरलं तरी दही लागतं, हे कोणी बोललं नाही.

त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमही पुन्हा झाला होता. तोच म्हातारा, तोच गज, आणि काल जे अचानक सुचल्यासारखं वाटलं होतं ते सगळं आजही अचानक सुचलं. "आज की महफिल कुछ खास है," निवेदक म्हणाला. कालचीही खास होती. "महाराष्ट्र से कौन आया है?" या वेळी आम्ही चौघांनी हात मांडीखाली घेतले. गुजरातचे तीस हात वर गेले आणि गरबा सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला बायकोने मला हलवलं. स्वेटर, त्यावर शाल, त्यावर लॉजची रजई असे आम्ही दोन गाठोडी होऊन टेकडीमागे गेलो. डीजे झोपले होते. जनरेटरही झोपला होता. आकाशात चांदण्या इतक्या होत्या की कुठे बोट ठेवावं कळेना. वाळू बर्फासारखी गार. उजाडायला लागल्यावर दिसलं की आमच्या आधी रात्रभर तिथे बरीच ये-जा झाली होती. कुठल्याशा काळ्या भुंग्याने टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाका घातल्यासारखी बारीक नक्षी काढली होती. मध्येच तो थांबला होता, गोल फिरला होता, आणि पुन्हा आला त्याच वाटेने गेला होता. कागदावर त्याचा कार्यक्रम छापलेला नसावा.

बायको नुसती बसली होती. मी घड्याळ पाहिलं नाही, पण सात-आठ मिनिटं झाली असतील. मग मागून घुंगरू वाजले. रॉकेट आणि तो पोरगा.

"मॅडम, सनराइज राइड?"

बायकोने मान न वळवता हात वर केला. "बस," ती म्हणाली.

आता ही 'पुरे' या अर्थी म्हणाली की 'बस' म्हणून, ते मी तीस वर्षांच्या संसारानंतरही सांगू शकणार नाही. पोराने रॉकेटला बसवलं, एक इयरफोन काढला आणि स्वतःही वाळूत बसला. रॉकेट रवंथ करायला लागला. पोराच्या हातात चहाचा थर्मास होता, तो त्याने विकायला काढला नाही. सूर्य आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

लांबून भाऊंची हाक आली, "भावोजी! नाश्ता लागलाय! पुऱ्या संपतायत!" मग शिंक आली. मग पुन्हा हाक आली. बायको हलली नाही, पोरगा हलला नाही, मला उठावंसं वाटत होतं पण बायकोकडे बघून मीही बसून राहिलो.

शेवटी रॉकेट उठला. आधी मागच्या पायांनी.